भिंगरीसाठी कस्टर्डचा केक

३ मार्च, सोमवार

मी दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो असताना सासूबाईंचा फोन आला. खड्ड्यात मी फोन घेत नाही, पण त्या लागोपाठ करत राहिल्या, म्हणून वर येऊन घेतला. "जहाजवाला आलाय," त्या म्हणाल्या. "आता कायमचा. बंदरावरच नोकरी लागलीय. भिंगरीला भेटायचं म्हणतोय."

जहाजवाला म्हणजे भिंगरीचा जन्मदाता. जहाजावर इंजिनियर होता. त्याचं आणि हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, फाटलं तेव्हा भिंगरी दीड वर्षाची होती. ती चार वर्षांची असताना मी या घरात आलो. एका जागी बसायची नाही, गरागरा फिरायची, म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागलो आणि ती मला काका. हिला जाऊन आता दोन वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच.

मी सासूबाईंना म्हटलं, "भेटू दे की. बाप आहे." फार मोठ्या मनाने म्हटलं. मग परत खड्ड्यात उतरलो आणि कुठला बोल्ट काढायचा होता तेच आठवेना.

संध्याकाळी भिंगरीला सांगितलं. "माहितीये," ती म्हणाली. "आजीने सांगितलं." आणि परत पुस्तकात डोकं. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर चिडेल. काही नाही. पोरगी समजूतदार आहे.

एकोणतीस तारखेला ती चौदा वर्षांची होईल. मागच्या वर्षी केक दुकानातून आणला, घरी येऊन बघतो तर त्यावर भलत्याच कुणाचं तरी नाव. सुरीने खरवडलं आणि तसाच कापला. यंदा मी स्वतः करणार. कस्टर्डचा. ही हॉस्पिटलात होती तेव्हा मी रोज संध्याकाळी कँटीनमधून भिंगरीसाठी कॅरॅमल कस्टर्डचा एक कप आणायचो. थरथरणारं, पिवळं, तळाशी जळक्या साखरेचा रस. त्या दिवसांत पोरगी धड जेवायची नाही, पण कस्टर्डला कधी नाही म्हणाली नाही. आईच्या पलंगाशी बसून चमचा चमचा खायची आणि ही तिच्याकडे बघत पडून राहायची. तेव्हा मला जमत होतं असं तेवढं एकच काम होतं.

५ मार्च, बुधवार

हिचा ओव्हन बाहेर काढला. दोन वर्षांत मी त्यात वायरी आणि जुनी बेअरिंग ठेवायला लागलो होतो. ग्रीसचा वास जाईपर्यंत घासला. वायर तपासली, दिवा लागला. मग खाली गेलो.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बेकरी आहे. बेकरीवाल्या बाई एकट्याच चालवतात आणि तोंडाने फटकळ आहेत, पण शिकवायला कोण, तर त्याच. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आधी साखर वितळवायला शिका. कोरड्या भांड्यात, मंद गॅसवर. आणि मध्ये चमचा घालू नका. नुसतं बघत उभं राहायचं. जमेल?"

"त्यात काय," म्हटलं.

नाही जमलं. चमचा घातलाच. आधी खडे झाले, मग खडे वितळावेत म्हणून गॅस मोठा केला, मग धूर. भांडं अजून भिजत घातलंय. भिंगरी क्लासहून आली, नाक वर केलं आणि म्हणाली, "काका, मोटार जाळलीस का घरात आणून?" हो म्हटलं. सरप्राईज ठेवायचं तर खोटं बोलावंच लागतं.

९ मार्च, रविवार

आज भेट झाली. सासूबाईंच्या घरी. मी तिला दारापर्यंत सोडलं आणि वर न जाता परत आलो. तिने निळा शर्ट घातला होता, दोनदा बदलून.

संध्याकाळी तिला घेऊन येताना वाटेत विचारलं. "कसा आहे?" "बरे आहेत." "काय बोललात?" "असंच."

जेवताना एकदम म्हणाली, "ते पण डावखुरे आहेत. आणि हसले की त्यांचा पण डावीकडचा एकच गाल आत जातो."

मी म्हटलं, "मीठ दे जरा."

त्याला दोन मुलगे आहेत म्हणे, आत्ताच्या बायकोचे. धाकटा बूट घालूनच झोपतो, काढले तर घर डोक्यावर घेतो. हे सांगताना भिंगरी हसली. मग दात घासायला गेली ती बराच वेळ आरशासमोर उभी होती. या वयात मुली आरशात बघतातच.

१२ मार्च, बुधवार

साखर जमली! हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. सोनेरी झाली की उतरवायची, आणखी एक क्षण थांबलात तर गेली.

कस्टर्ड मात्र फाटलं. दूध, अंडी, साखर सगळं मापात होतं, पण ओव्हन जास्त तापला आणि साच्यात गोड ऑम्लेट तयार झालं. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, पाण्याच्या ट्रेमध्ये साचा ठेवून भाजा, म्हणजे आच थेट लागणार नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मनात म्हटलं.

टाकून द्यायचं जिवावर आलं. भिंगरीला म्हटलं, "सहज केलंय, बघ." तिने माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं. चार घास खाल्ले. "छान झालंय, काका." वर दोन पेले पाणी प्यायली. उरलेलं मी तिच्या डब्यात भरून दिलं.

१३ मार्च, गुरुवार

डबा रिकामा आला. शिवाय धुऊन, पुसून! ही मुलगी डबा कधी धुऊन आणत नाही, दप्तरातून मीच उकरून काढतो. म्हणजे फाटलेलं असूनही आवडलं.

१५ मार्च, शनिवार

भिंगरीने स्वतःहून कपाट आवरलं. लहान झालेले कपडे एका पिशवीत, जुनी पुस्तकं दुसऱ्या पिशवीत, आईची शाल घडी करून वेगळी. म्हटलं, "आज सूर्य कुठून उगवला?" हसली नाही. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, तेही लावून दिलं आणि म्हणाली, "काका, बटणं कुठे असतात ते बघून ठेव. खालच्या खणात, डब्यात."

मोठी होतेय.

१६ मार्च, रविवार

आज त्याला पाहिलं. तिला आणायला गेलो तर सासूबाईंनी वर बोलावलं. मला वाटलं होतं उंचापुरा, रुबाबदार असेल. तर पाप्याचं पितर. केस पांढरे. मला बघून खुर्चीतून उठला आणि हात पुढे केला. डावा. मग त्याच्या लक्षात आलं, उजवा केला.

तिघं बाहेर हॉटेलात जेवून आले होते. भिंगरी त्याला त्याच्या फोनमधले मुलांचे फोटो मागत होती.

तो म्हणाला, "तुम्ही तिला फार चांगलं वाढवलंत."

वाढवलंत म्हणाला, जसं काही काम आटोपलंय. इतकी वर्षं जहाजावर काढली, बोलायची सवय गेली असेल.

निघताना जिन्यापर्यंत आला. "मी घाई करणार नाही," म्हणाला. "तिच्या कलाने घेऊ." मी बरं म्हटलं. कसली घाई ते विचारायचं राहून गेलं. भिंगरी तोवर खाली पोचली होती.

१९ मार्च, बुधवार

पोहण्याच्या क्लासच्या बाई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमची मुलगी पुढच्या महिन्यापासून नाही, कळलं. आम्हाला फार चुकल्याचुकल्यासारखं होईल." मला ठाऊक नव्हतं. पण तोंड पाडून कशाला उभं राहायचं? म्हटलं, हो, अभ्यास वाढलाय.

घरी विचारलं तर भिंगरी म्हणाली, "सांगणार होते." आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं आणखी काही बोलेल. मी म्हटलं, "अगं, एवढं काय? पोहणं काय, पुढच्या वर्षी परत लाव. अभ्यास महत्त्वाचा." तिने मान हलवली आणि आत गेली.

उगाच घाबरते मला सांगायला. मी कधी रागावलोय?

२२ मार्च, शनिवार

जमला! भिंगरी मैत्रिणीकडे गेली आणि मी दुपारभर ओव्हनसमोर बसून होतो. काचेच्या साच्यात खाली साखरेचा रस. त्यावर केकचं पीठ. त्यावर हळूच कस्टर्ड ओतायचं. बाई म्हणाल्या होत्या, आत गेल्यावर दोन्ही जागा बदलतात. माझा विश्वास नव्हता. पण काचेतून बघतोय तर खरंच, पीठ फुगून वर आलं आणि कस्टर्ड त्याच्या खालून तळाला जाऊन बसलं. आमच्या लिफ्टमध्ये वजनाचे ठोकळे असतात ना, डबा वर गेला की ते खाली, तस्सं. वीस वर्षं मी हेच बघत आलोय आणि आज ओव्हनसमोर बसून लहान मुलासारखा टाळी वाजवली.

गार करून ताटलीत उलटा केला. खाली केक, वर कस्टर्ड, त्यावरून रस ओघळतोय. एक तुकडा बेकरीत नेला. बाईंनी बोटाने दाबून पाहिला, खाल्ला, म्हणाल्या, "मी विकेन हा." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

मग म्हणाल्या, "पण काय हो, पोरीला हे आवडतं हे नक्की का?"

"म्हणजे काय! मला ठाऊक नसेल?"

"नाही, मागे ती डबा घेऊन आली होती माझ्याकडे. म्हणाली, मावशी, तुमच्या मांजरीला चालेल का हे."

मी म्हटलं, अहो, ते फाटलेलं होतं. बिघडलेलं माझ्यासमोर टाकवेना म्हणून मांजरीला दिलं, जीव मोठा आहे तिचा. बाईंनी फडक्याला बोट पुसलं. दुसरं गिऱ्हाईक आलं.

२३ मार्च, रविवार

लिहवत नाही, पण लिहितो.

सासूबाई सकाळीच आल्या. एकट्या. भिंगरीला त्यांनी आपल्या घरीच ठेवलं होतं, त्याच्यासोबत. चहा नको म्हणाल्या. सासूबाई चहाला कधी नाही म्हणत नाहीत.

"सरळ सांगते," म्हणाल्या. "भिंगरी त्याच्याकडे राहायला जातेय. वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी."

"सुट्टीत?"

"नाही. तिकडे बंदराजवळच्या शाळेत नाव घातलंय."

मी म्हटलं, "तिला कुणी विचारलं का?"

"तिनेच ठरवलं. मी म्हटलं, वर्षभर थांब. तो पण म्हणाला, घाई नाही. तीच म्हणाली, थांबले तर मला जमणार नाही."

"मग मला का नाही सांगितलं? मी काय तिला खाणार होतो?"

"आज तुम्हाला सांगायचंच, असं रोज ठरवायची हो. आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, आजी, नाही जमलं."

"का पण?"

सासूबाई स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या, "कारण तुम्ही केक करत होतात."

मग मी बरंच काही बोललो. दहा वर्षं कोण होतं, तापात रात्री कोण जागलं, सायकल कुणी शिकवली. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं आणि आवडत नव्हतं. शेवटी विचारलं, "मी कोण तिचा?" सासूबाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, "मला का विचारता? माझी तर मुलगीच गेली. आता नातही चाललीय." तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. केवढ्या वाळल्यात.

भिंगरी संध्याकाळी आली आणि थेट खोलीत गेली. मीही हाक मारली नाही.

२४ मार्च, सोमवार

कामावर गेलो. न जाऊन काय करणार?

एका ऑफिसात दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती आणि आत एक बाई होत्या. आतून दारावर थापा मारत होत्या. मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "बाई, मी बाहेरच आहे. लिफ्ट पडत नाही. खाली बसा, पाय पसरा." त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊ नका." म्हटलं, "कुठे जातोय." मग काम करता करता बोलत राहिलो. त्यांना काय काय विचारलं, आता आठवतही नाही. हात आपोआप चालतात.

दार उघडलं, हात देऊन वर घेतलं. बाईंनी पर्स छातीशी धरली आणि मागे न बघता जिन्याने निघून गेल्या. माझा हेल्पर म्हणाला, "थँक्यू तरी म्हणायचं." मी म्हटलं, असू दे. जिथे अडकून पडलो तिथे कोण थांबेल?

२६ मार्च, बुधवार

भिंगरी स्वतःहून स्वयंपाकघरात आली. मी बटाटे सोलत होतो. ओट्यावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, फक्त आता चढायला स्टूल लागत नाही.

"काका, आजीने सांगितलं ना तुला?"

"हो."

"चिडलायस?"

"नाही."

"चिडलायस. साल बघ किती जाड काढतोयस."

खरंच अर्धा बटाटा सालीत गेला होता. मी सुरी ठेवली. "तुला इथे बरं वाटत नाही का?"

"वाटतं की."

"मग?"

तिने एक साल उचलून बोटाने मोडली. मग म्हणाली, "इथे सगळं आईचं आहे. हे पडदे, तो मग, तो कप्पा. शाळेत पण सगळ्या बाई माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दोन वर्षं झाली तरी. रविवारी ते मला त्यांच्या घरी घेऊन गेले होते, तिथे कुणाला काही माहीत नाही. तो धाकटा मला बघून नुसता ओरडतो, बूट दे, बूट दे. मला तिथे हसायला येतं, काका."

"पडदे बदलू आपण."

"काका."

"रंग काढू घराला. तुझी खोली पुढे घेऊ, मी मागे जातो. तो मग काढून नवीन आणतो..."

"काका, नको ना."

ती रडायला लागली म्हणून मी थांबलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला बटाट्याचं पाणी होतं, शर्ट ओला झाला तिचा. म्हणाली, "मी तुझ्यावर रागावून नाही जात." मी म्हटलं, "माहितीये." माहीत काही नव्हतं. पण दुसरं काय म्हणायचं?

२८ मार्च, शुक्रवार

केक केला. आता सरप्राईज उरलेलं नाही, पण करायचा तर केला. एकदाही चूक झाली नाही. साखर सोनेरी, कस्टर्ड गुळगुळीत. फ्रीजमध्ये ठेवलाय. करताना एकदा मनात आलं की इतका चांगला झाला तर ती खाईल आणि म्हणेल, काका, नाही जात. माणूस किती मूर्ख असतो ते लिहून ठेवलेलं बरं.

२९ मार्च, शनिवार

भिंगरी चौदा वर्षांची झाली.

तिच्या दोन मैत्रिणी आल्या, सासूबाई आल्या, बेकरीवाल्या बाई दुकान बंद करून आल्या. तोही आला. मीच बोलवा म्हटलं होतं. दारात बूट काढून उभा राहिला. कुठे बसावं ते त्याला कळेना. शेवटी मीच खुर्ची दिली.

मी सगळ्यांसमोर केक ताटलीत उलटा केला. साचा उचलला आणि कस्टर्ड थरथरलं, पण तुटलं नाही. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या बाईंनी मान डोलावली. मेणबत्त्या लावल्या, विझवल्या. भिंगरीने पहिला तुकडा मला भरवला. मी तिला भरवला.

तेवढ्यात तो आपल्या बशीकडे बघून म्हणाला, "अरे, कस्टर्ड? तुला चालतं?" अगदी साधेपणाने विचारलं. मग माझ्याकडे वळून, "मागे हॉटेलात मी मागवलं तर हिने बशी सरकवली. म्हणाली, मला हे जातच नाही, वासानेच कसंतरी होतं."

बेकरीवाल्या बाईंनी बशी खाली ठेवली. त्याला कळलं काहीतरी चुकलं, पण काय ते कळेना. भिंगरी लालेलाल झाली होती. "आज चालतं," म्हणाली आणि एक मोठा घास घेतला. त्यावर आणखी एक. भराभर खात होती. पाणी प्यायला थांबलीसुद्धा नाही.

मी चमचे आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. ती मागून आली.

"खरंय का ते?" मी विचारलं.

तिने हळूच मान डोलावली.

"मग हॉस्पिटलात?"

"आई म्हणायची, खा." भिंगरी फरशीकडे बघत होती. "म्हणायची, काकाला दुसरं काही करता येत नाहीये. तो धावत जाऊन घेऊन येतो. तेवढं तरी करू दे त्याला."

"रोज?"

"रोज. तू दारातून आत आलास की ती माझा हात दाबायची."

मला हिचा चेहरा आठवला. मुलीकडे बघत पडून राहायची, ओठांवर हसू. मला वाटायचं, मुलगी खातेय याचा आनंद आहे.

"आता त्याचा वास आला की ती खोली आठवते," भिंगरी म्हणाली. "म्हणून. चव वाईट नसते, काका."

"मग आज कशाला खाल्लंस?"

"तू केलास म्हणून."

बाहेरून मैत्रिणींनी हाक मारली. ती गेली. मी चमचे घेऊन उभा राहिलो. नंतर बाहेर गेलो, सगळ्यांना आणखी एकेक तुकडा वाढला, तिच्या बशीत मात्र बिस्किटं ठेवली.

त्याला ती दुसऱ्याच भेटीत नको म्हणू शकली. मला दहा वर्षांत एकदाही म्हणाली नाही. याचा अर्थ मला लावता येत नाही. एकदा वाटतं, मी तिचा इतका होतो म्हणून. एकदा वाटतं, मी तिचा नव्हतोच म्हणून. सगळे गेल्यावर विचारावं असं मनात आलं होतं. पण ती बॅग भरत होती.

३० मार्च, रविवार

सकाळी तो गाडी घेऊन आला. दोन बॅगा, एक दप्तर, आईची शाल. बॅगा मीच डिकीत लावल्या, त्याने लावल्या त्या नीट बसत नव्हत्या.

त्याला बाजूला घेऊन सांगितलं. ती खिडकी उघडी ठेवून झोपते. परीक्षेच्या आधी घसा धरतो, तो आजार नसतो. आणि ती छान म्हणाली की तेवढ्यावर जाऊ नका, तिच्याकडे नीट बघा. तो म्हणाला, "एक मिनिट," आणि फोन काढून सगळं लिहून घ्यायला लागला. डाव्या हाताने, सावकाश. मला त्याचा राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं.

सासूबाई फुटपाथवरच रडल्या. भिंगरीने त्यांना धरलं, मग मला. ती माझ्या खांद्याएवढी झालीय हे मला आजच कळलं. "जेवत जा," म्हणाली. मी म्हटलं, "तूही." ती काचेतून हात हलवत होती. मी हलवला की नाही, आठवत नाही. बेकरीवाल्या बाई दुकानातून बाहेर आल्या नव्हत्या, पण गाडी वळल्यावर शटर अर्ध्यावर ओढल्याचा आवाज आला.

लिफ्ट खालीच उभी होती. जिन्याने वर आलो. लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं.

६ एप्रिल, रविवार

आठवडाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही.

आज तिचा फोन आला. मागे नुसता गोंधळ, कुणी ओरडतंय, काहीतरी पडतंय. तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. तिचा इतका मोठा आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. शाळा मोठी आहे, वर्गात कुणी तिची चौकशी केली नाही, बाकावरची मुलगी पहिल्याच दिवशी तिच्याशी भांडली. हे सांगताना तिला कोण आनंद! धाकट्याचे बूट तिने लपवले, तो तासभर घरभर शोधत होता, मग तिच्याच मांडीवर झोपला. अनवाणी.

मी हं हं करत होतो. गेल्या आठवड्यात कुठल्या लिफ्टचा दोर बदलला ते सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आणि काल ना, आम्ही बंदरावर गेलो होतो, तिथे एवढं मोठं जहाज आलं होतं, तर बाबा म्हणाले..."

आणि एकदम थांबली.

इतके दिवस ती त्याला 'ते' म्हणायची. मागचा गोंधळही नेमका त्याच वेळी थांबला. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. आता ती काहीतरी दुसरंच बोलेल, नाहीतर फोन ठेवेल, आणि मग पुढच्या वेळी प्रत्येक वाक्य तोलून बोलेल, हे मला स्पष्ट दिसलं.

मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

मग तिने सांगितलं. जहाजाच्या इंजिनात माणूस उभा राहू शकतो म्हणे, इतकं मोठं. तिला आत नेलं होतं. तेल, धूर, सगळं सगळं सांगितलं, बाबा असं म्हणाले आणि बाबा तसं म्हणाले. मी पुढे पुढे विचारत गेलो. इंजिनातलं मला कळतं थोडंफार.

"पुढच्या रविवारी करते हं, काका," म्हणून तिने फोन ठेवला.

मी बाथरूममध्ये गेलो, दार लावलं आणि ही गेल्यापासून भिंगरीला ऐकू जाऊ नये म्हणून सोडायचो तसा नळ पूर्ण सोडला. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तरी सोडला.